‘नर एकदम फिट’ म्हणाले आणि मादी गाभडली

प्रश्न : आम्ही कराडजवळच्या गावात राहतो. आमच्या अडीच वर्षांच्या लॅब्रॅडॉर मादीचं, चिनूचं, पुण्यातल्या एका ब्रीडरच्या नराशी पहिल्यांदाच क्रॉसिंग केलं. १२,००० रुपये फी यूपीआयने दिली. नराची तब्येत विचारली तेव्हा ‘नर एकदम फिट, सगळी इंजेक्शनं झालेली’ असा व्हॉट्सॲपवर निरोप आला. ५२व्या दिवशी चिनू गाभडली, पाचही पिल्लं मेलेली. रक्ताच्या रिपोर्टात ‘ब्रुसेला पॉझिटिव्ह’ आलं. ब्रीडर म्हणतो, रोग तुमच्याच कुत्रीत होता. घरात सून पाच महिन्यांची गरोदर आहे, मागे गोठ्यात दोन गाई आहेत. सासरे म्हणतात, कुत्रीला घाटात सोडून द्या. फी आणि पिल्लांचे पैसे मिळतील का? पोलिसांत जावं का?

उत्तर : ताई, पैशांचं नंतर बोलू, आधी सुनेचं. ब्रुसेला हा जंतू माणसालाही लागतो. चिनूचा स्राव, वार, मेलेली पिल्लं कुणीकुणी हाताळली ते आठवा, आणि सुनेच्या डॉक्टरांना ‘घरच्या कुत्रीला ब्रुसेला निघालाय’ असं स्पष्ट सांगा. कारण माणसांसाठीची ब्रुसेलाची नेहमीची रक्तचाचणी कुत्र्यांचा ब्रुसेला कॅनिस पकडत नाही. रिपोर्ट चांगला आला म्हणून गाफील राहू नका. सुनेने चिनूची साफसफाई अजिबात करू नये.

आता रिपोर्ट हातात घ्या. त्यावर नुसतं ‘ब्रुसेला’ आहे की पुढे जंतूची जातही लिहिली आहे? तुमच्या दाव्याचं सगळं ओझं या एका शब्दावर आहे. नराकडून मादीला समागमातून लागतो तो बहुतेक कॅनिस. पण गाईंमधला ब्रुसेला अबॉर्टसही कुत्र्याला होतो, गोठ्यातली वार चाटली किंवा कच्चं दूध प्यायलं की पुरे. आणि तुमच्या मागच्या दारी दोन गाई आहेत. लॅबने गुरांची रोझ बेंगॉल चाचणी केली असेल, तर ती कॅनिससाठी नाहीच. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे बोट गोठ्याकडे जातं. समोरचा वकील पहिल्याच तारखेला हे काढेल. म्हणून डॉक्टरांना जात ओळखणारी पीसीआर किंवा कल्चर तपासणी करायला सांगा, गाईंचंही रक्त तपासून घ्या. अबॉर्टस निघाला, तर ब्रीडरवर दावा करू नका, असंच मी सांगेन.

कॅनिस निघाला तर मात्र तुमची बाजू उभी राहते. ‘सगळी इंजेक्शनं झालेली’ हे वाक्य कदाचित खरंही असेल, पण कुत्र्यांच्या ब्रुसेलावर लसच नाही. तुम्ही तब्येत विचारली होती आणि उत्तर आलं इंजेक्शनांचं. नर आजारी आहे हे ठाऊक असून त्याने तसं लिहिलं असेल, तर करार कायदा, १८७२ च्या कलम १७ नुसार ती फसवणूक. ठाऊक नसेल, तरी तपासणीचा आधार नसताना ‘एकदम फिट’ असं छातीठोकपणे सांगणं कलम १८ खाली चुकीच्या माहितीत बसू शकतं, सांगणाऱ्याचा स्वतःचा त्यावर विश्वास असला तरी. मी भर यावरच देईन, कारण मनातला हेतू सिद्ध करत बसावं लागत नाही. ‘रिपोर्ट मागायचा होता’ असं तो म्हणेलच. पण तुम्ही विचारलं होतं, हे तुमच्या फोनमध्ये आहे. तो संवाद पुसू नका, फोन बदलू नका. साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे असा इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं.

दुसरा आधार २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांचा. त्यांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आणि नर-मादी निरोगी असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला क्रॉसिंगच्या किमान १० दिवस आधी घेतलेला हवा. ब्रीडरला पाठवायच्या नोटिशीत हे दोन्ही कागद मागा. ते नसतील तर निष्काळजीपणा दिसतो. रोग त्याच्याच नराकडून आला हे मात्र तेवढ्याने सिद्ध होत नाही, कारण चिनूची तपासणी तुम्हीही आधी केली नव्हती. हा तुमचा खरा दुबळा दुवा आहे, तो तुमच्यापासून लपवणार नाही. पहिलंच वेत, त्याआधी नर लागलेला नाही, गोठा निर्दोष आणि नराची चाचणी पॉझिटिव्ह, असं सगळं जुळून आलं तर तो बराच भरून निघतो. नराची चाचणी १५ दिवसांत करून रिपोर्ट द्या, असंही नोटिशीत लिहा. त्याने टाळलं तर ग्राहक आयोग प्रयोगशाळेचा अहवाल मागवू शकतो.

तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, पुण्याला खेटे घालायला नकोत. २०१९ च्या कायद्याने राहत्या ठिकाणी ही सोय दिली आहे. ‘पिल्लं विकायची होती, म्हणजे हा धंदा’ असा आक्षेप येईल. घरची एक मादी आणि तिचं पहिलं वेत, हे आपलं उत्तर. फी, उपचारांची बिलं आणि मनस्तापाची भरपाई मागा. जन्मालाच न आलेल्या पिल्लांची किंमत मिळेल, अशी आशा मी लावणार नाही. असं अंदाजी नुकसान सिद्ध करणं फार अवघड असतं. पोलिसांकडे आत्ता जाऊ नका. सुरुवातीपासून फसवायचाच हेतू होता, हे दाखवणारं तुमच्याकडे आज काही नाही. ब्रीडरांच्या ग्रुपवर त्याचं नाव घेऊन ‘चोर’ वगैरे लिहू नका, उलट तुमच्यावरच बदनामीची केस होईल.

सासऱ्यांना सांगा, पाळलेलं जनावर असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. शिवाय ती मोकळी फिरली तर रोग आणखी कुत्र्यांना लागेल. डॉक्टरांशी बोलून तिची नसबंदी करून घ्या. औषधं लांबतात आणि रोग पुन्हा उलटतो, म्हणून अधूनमधून तपासणी करत राहावी लागेल. पुन्हा क्रॉसिंग मात्र नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. आता रोग माहीत असताना तिला दुसऱ्याच्या नराकडे नेलंत, तर आज त्याला विचारताय तेच प्रश्न उद्या तुम्हाला विचारले जातील.

तक्रारीला कायदा दोन वर्षं देतो, पण त्यावर विसंबू नका. त्या नराला अँटिबायोटिक सुरू झाली की रक्तातला पुरावा फिका पडत जातो. चिनूचा पक्का रिपोर्ट आला की त्याच दिवशी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा.