कॅमेलियाच्या कळीला जिबरेलिक ॲसिड देणं ही फसवणूक आहे का?

नाही, फसवणूक नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण हाच शब्द मी माझ्या घरात, माझ्या हातचा फराळ खात बसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलाय आणि तो अजून मनातून गेलेला नाही.

तुम्ही लिहिलंय की सॅन होजेला घरामागे कुंडीत जॅपोनिका (कॅमेलिया या फुलझाडाचा एक प्रकार) आहे, कळ्या ढीगभर धरतात पण उमलायच्या आधीच गळतात. तिथल्या कॅमेलिया क्लबमधले लोक फूल मोठं आणि लवकर यावं म्हणून कळीशेजारी जिबरेलिक ॲसिडचा, म्हणजे झाडाची वाढ करवणाऱ्या द्रव्याचा, थेंब टाकतात, तसं करावं की ती फसवणूक होईल, असा तुमचा प्रश्न. कळीगळीवर पुढे येते. आधी थेंबाचं बोलू.

मी निफाड तालुक्यातली. आमची थॉम्पसनची, म्हणजे बिनबियांच्या द्राक्षांची, बाग होती. जीए, म्हणजे हेच जिबरेलिक ॲसिड, हा शब्द मी शाळेत जायला लागायच्या आधीपासून ऐकत आलेय. ऑक्टोबर छाटणीनंतर घड पोपटी अवस्थेत आला की १० पीपीएमची (दहा लाख भाग पाण्यात १० भाग) पहिली फवारणी, पाकळ्या, म्हणजे घडाच्या बारीक फांद्या, लांबून घड मोकळा व्हावा म्हणून. पुढे मणी धरले की डिपिंग. अण्णा पावडर आधी ॲसिटोनमध्ये विरघळवून घ्यायचे, कारण नुसत्या पाण्यात ती नीट विरघळत नाही. १ ग्रॅमला २५ लिटर पाणी म्हणजे ४० पीपीएम, हा हिशेब घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ. मग ऐन थंडीत सकाळी प्रत्येकाच्या हातात एकेक मग. वेलीखाली उभं राहायचं, खालून मग वर न्यायचा, घड देठापर्यंत बुडवायचा, बाहेर काढून हलकेच झटकायचा, पुढचा घड. झटकायचं विसरलं तर थेंब मण्यांच्या बुडाशी साचून राहतो आणि डाग पडतो. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत जायचं. बागेतल्या प्रत्येक घडाला असा हात लागलेला असायचा.

हे इतकं लांबण लावून सांगते, कारण फसवणूक म्हणणाऱ्या कुणीही ते काम केलेलं नसतं.

लग्नानंतर आम्ही कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला आलो. या गावाला कॅमेलियांचं गाव म्हणतात. १८५२ मध्ये बॉस्टनहून इथे पहिली रोपं आली आणि १९२४ पासून इथे दर वर्षी प्रदर्शन भरतं. एका शेजारणीने मला क्लबच्या बैठकीला नेलं. उन्हाळा संपत आला होता. पुढे एक निवृत्त गृहस्थ कुंडी घेऊन उभे होते, हातात सुई काढलेली बारीक सिरिंज. ते सांगत होते की आज नव्या लोकांना गिबिंग, म्हणजे कळीशेजारी हा थेंब देणं, शिकवायचंय, आणि त्यांनी छोटी बाटली वर धरली. मी मागच्या रांगेतून विचारलं, “जीए-थ्री का?” सगळ्या माना वळल्या. तुला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी माझ्या तेव्हाच्या मोडक्या इंग्रजीत निफाडचं डिपिंग सांगितलं. एकेक घड? हाताने? असं तिघाचौघांनी पुन्हा पुन्हा विचारलं. जन्मभर हिरवी बिनबियांची द्राक्षं खाल्लेली ही माणसं. त्यांच्याच कॅलिफोर्नियातल्या बागांमध्ये तेच जीए फवारलं जातं, हे तिथल्या बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. त्या गृहस्थांनी काही न बोलता सिरिंज माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आता तू दाखव.

मला दाखवता येणार नव्हतं, कारण कॅमेलियाची रीत वेगळी आहे. ती त्यांनी मला तिथेच हात धरून शिकवली. फांदीच्या टोकाला फुलाची कळी गोल, फुगीर असते. तिच्या अगदी शेजारी वाढीचा डोळा असतो, बारीक, टोकदार, नव्या पालवीचा. तो डोळा चिमटीत धरून अलगद पिरगाळायचा. तो मोडून हातात येतो आणि खाली हिरवी इवलीशी वाटी उरते. त्या वाटीत एक थेंब. बस. कळीवर नाही, पानावर नाही. द्रावण ऐकून मात्र मी चाट पडले. १ ग्रॅमला ६० मिलिलिटर पाणी, विरघळायला अमोनियाचे दोनचार थेंब. मी मनात हिशेब केला, आमच्या मगातल्या पाण्याच्या ४०० पटींहून कडक! पण आमच्याकडे अख्खा घड बुडतो आणि इथे एका कळीला एकच थेंब मिळतो, म्हणून ते चालतं. फूल मोठं होतं आणि जानेवारी-फेब्रुवारीऐवजी नोव्हेंबर-डिसेंबरात उमलतं.

अमेरिकेत ही रीत रुजली त्याला कारण आहे. जॉर्जियासारख्या राज्यांत जानेवारीत कडाक्याची थंडी पडली की फुगलेल्या कळ्या आतून करपतात. अमेरिकन कॅमेलिया सोसायटी १९४५ मध्ये स्थापन झाली आणि तिचं मुख्यालय जॉर्जियातच आहे. तिथल्या माणसाला थंडीच्या आधी फूल हवं असेल तर थेंबाशिवाय इलाज नाही. दुसरं कारण पाकळीकरपा, पाकळ्या करपवणारा बुरशीचा रोग. या बुरशीचे काळे कठीण गोळे जमिनीत पडून राहतात आणि हिवाळ्याच्या शेवटी, ओल आणि ऊब मिळाली की त्यातून बीजाणू उडून फुलांवर बसतात. जपानमध्ये १९१९ मध्ये तिची नोंद झाली, कॅलिफोर्नियात १९३८ मध्ये, न्यूझीलंडमध्ये १९९३ मध्ये. लवकर उमललेलं फूल तिच्या तावडीतून सुटतं.

आता फराळाची गोष्ट.

मी सप्टेंबरच्या सुरुवातीला लवकर फुलणाऱ्या जातीच्या मोजक्या कळ्यांना थेंब देते, म्हणजे लक्ष्मीपूजनाला घरचं फूल मिळतं. इथे नोव्हेंबरात शेवंती विकत मिळते, पण घरच्या फुलाची सर तिला नाही. त्या वर्षी न्युचिओज जेम या जातीचं पांढरं कॅमेलिया इतकं सुरेख उमललं होतं की बायका चौरंगाजवळ जाऊन फोटो काढत होत्या. एकावर एक पाकळ्यांची वळणं, मध्यात कुठे मोकळी जागा नाही. माझे चुलत दीर आले होते. कुणीतरी विचारलं, आत्ता कॅमेलिया कसं काय फुललं? मी सरळ सांगितलं, जीए दिलं. तर भावजी सगळ्यांसमोर म्हणाले, “वहिनी, मग हे इंजेक्शनचं फूल झालं. देवीपुढे फसवणूक कशाला मांडायची?” आणि पुढे अजून एक, “म्हणून तर आपल्या शेतकऱ्यांची द्राक्षं युरोपातून परत येतात.”

पाहुण्यांनी भरलेलं घर होतं, सणाचा दिवस होता, मी काही बोलले नाही. आज तुमचा प्रश्न वाचला आणि वाटलं, आता बोलावंच.

पहिलं म्हणजे, २०१० मध्ये युरोपात आपली द्राक्षं अडकली ती जीएमुळे नाही. त्यात क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला होता, ज्याला आपल्याकडे सीसीसी म्हणतात. आणि सीसीसीचं काम जीएच्या बरोबर उलट आहे. झाडात जिबरेलिन तयार होणंच ते रोखतं, म्हणजे वेलीची वाढ थांबून काडीत घड तयार व्हावेत. ज्याला या दोन औषधांतला फरक माहीत नाही त्याने शेतकऱ्याला फसवणारा म्हणू नये. अण्णांनी त्या वर्षी काय सोसलं ते मी फोनवर ऐकत होते.

दुसरं, जिबरेलिन कारखान्यात शोधून काढलेलं काही नव्हे, ते झाडात असतंच. जपानी लोकांच्या भातात एक रोग यायचा, रोपं वेड्यासारखी उंच वाढायची आणि आडवी पडायची. एका बुरशीच्या स्रावामुळे हे होतं, हे १९२६ मध्ये कुरोसावा यांनी दाखवलं, आणि नंतर कळलं की तसाच पदार्थ झाडं स्वतःही बनवतात. द्राक्षात तो बीमधून मण्याला मिळतो. थॉम्पसनला बी धरत नाही, म्हणून मणी बारीक राहतो, म्हणून तो बाहेरून द्यावा लागतो. भावजी त्या दिवशी माझ्याच घरी फ्रूट सॅलडमधली हिरवी द्राक्षं आवडीने खात होते.

तिसरं, फसवणूक लपवण्यात असते. इथल्या प्रदर्शनांत थेंब दिलेली फुलं आणि न दिलेली फुलं असे वेगळे वर्ग असतात. चिठ्ठीवर तसं लिहावं लागतं. फूल आकाराप्रमाणे आणखी विभागलं जातं, अडीच इंचांपर्यंतचं अगदी छोटं, पाच इंचांच्या पुढचं फार मोठं. रेटिक्युलाटा हा कॅमेलियाचा दुसरा प्रकार वेगळ्या टेबलावर. इतकी स्वच्छ व्यवस्था मी दुसऱ्या कुठल्या छंदात पाहिली नाही. थेंब दिलेलं फूल बिनथेंबाच्या वर्गात ठेवलं तर ती फसवणूक. एवढीच फसवणूक, दुसरी नाही.

हेही मान्य करते की मोठं फूल म्हणजे चांगलं फूल ही अमेरिकन आवड आहे आणि जगभरचे कॅमेलियावाले तिला मानतात असं नाही. आंतरराष्ट्रीय कॅमेलिया सोसायटी १९६२ पासून आहे, दर दोन वर्षांनी तिचं संमेलन भरतं. २०१४ मध्ये स्पेनमध्ये पोंतेवेद्राला, २०१६ मध्ये चीनमध्ये दालीला, २०१८ मध्ये फ्रान्समध्ये नांतला झालं. आमच्या क्लबमधले काही जण जाऊन आले, त्यांच्याकडून ऐकून माझी नजर बदलली. जपानमध्ये कुमामोतोच्या हिगो कॅमेलिया पसरट, एकेरी असतात आणि सगळा जीव मधल्या भरगच्च पुंकेसरांत असतो. चहाच्या खोलीत तर ते वाबिस्केसारख्या लहान जातीची अर्धवट उमललेली एकच कळी ठेवतात. त्या माणसांना माझं सहा इंची फूल दाखवलं तर ते कौतुक करतील, पण आपल्या खोलीत ठेवणार नाहीत. मला यात भांडण दिसत नाही. तिकडे कळी आणि इकडे फूल, दोन्हीमागे जन्मभर झाडाची सेवा केलेली माणसं आहेत, आणि कुणाकडेही गेलात तरी जाताना हातात कलमाची काडी देतात. माझ्याकडची निम्मी झाडं अशा काड्यांची आहेत.

आता तुमच्या कळ्या. जीए हे कळीगळीचं औषध नाही, हे नीट लक्षात घ्या. कुंडीतल्या जॅपोनिकाच्या कळ्या गळतात त्या बहुतेक वेळा पाण्यामुळे. ऑगस्ट-सप्टेंबरात तुमच्याकडे ऊन तापतं, कुंडीतली मुळं एकदोनदा कोरडी पडतात, तेव्हा कळीला बसलेला फटका डिसेंबरात दिसतो. नंतर कितीही पाणी घातलं तरी ती कळी वाचत नाही, उलट बूड कुजतं. कुंडी भिंतीच्या पश्चिम बाजूला असेल तर हलवा. आणि ढीगभर कळ्या म्हणताय तर विरळणी करा. एका टोकाला तीनचार कळ्या असतील तर एकच ठेवा, बाकीच्या वाटाण्याएवढ्या असतानाच पिरगाळून काढा. लोकांचा हात होत नाही, पण आमच्याकडे बायका कात्री घेऊन घडातले मणी काढायच्या तेव्हाही नव्या माणसाला असंच वाटायचं. झाडाला झेपेल तेवढंच ठेवावं.

थेंब द्यायचाच असेल तर झाड चांगलं भरलेलं, निरोगी असू द्या. ज्या फांदीचा डोळा तुम्ही मोडता ती त्या टोकाने पुढच्या वर्षी वाढत नाही, कधीकधी टोक वाळतंही. त्यामुळे लहान किंवा आजारी झाडाला देऊ नका, मोठ्यालाही थोड्याच कळ्यांना द्या, सगळ्या झाडाला नाही. हातमोजे घाला, अमोनिया आहे तर डोळे सांभाळा, उरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. ज्या कळीला थेंब दिला तिच्या फांदीला तारखेची चिठ्ठी बांधा, नाहीतर प्रदर्शनाच्या दिवशी कुठलं फूल कुठल्या वर्गात हे सांगता येणार नाही.

प्रदर्शनाला नेणार नसाल आणि दिवाळीला फूल हवं असाही हट्ट नसेल, तर खरं म्हणजे जीएची गरजच नाही. पाणी आणि विरळणी सांभाळलीत तर फेब्रुवारीत झाड आपलं आपण फुलेल.

जात कुठली आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. मध्यम हंगामाची असेल तर वर सांगितलेलं सगळं लागू. उशिरा फुलणारी असेल तर थेंबाने ती लवकर येईलच असं मी सांगणार नाही. कुंडीच्या बुडाशी नर्सरीची चिठ्ठी असते, ती बघून इथे टाका.