जानेवारीत इशिगाकीला जाऊन करणार काय?

तुम्ही लिहिलंय की तोक्योत राहता, जानेवारीतल्या तीन दिवसांच्या जोडसुट्टीत जपानच्या नैर्ऋत्य टोकाकडच्या इशिगाकी बेटावर जायचं मनात आहे, पण पोहता येणार नसेल तर पैसे पाण्यात जातील का?

दोन वर्षांपूर्वी याच सुट्टीत मी आणि बायको जाऊन आलो. जा. फक्त जाहिरातीतला निळाशार समुद्र डोक्यात ठेवून जाऊ नका. थंडीचा प्रश्न नाही, तापमान अठरा-एकोणीस अंशांच्या आसपास असतं. प्रश्न आहे तो उत्तरेच्या वाऱ्याचा. तो सुटला की आभाळ भरून येतं, झिमझिम लागते आणि शेजारच्या इरिओमोते बेटावरच्या उएहारा बंदराची बोट रद्द होते. आमची झालीच. खिडकीवरच्या बाईंनी रोजचंच असल्यासारखं सांगितलं, ओहाराला जा. ओहारा त्याच बेटाच्या दक्षिण अंगाला, वाऱ्याच्या आडोशाला आहे, त्यामुळे तिकडच्या बोटी सहसा चालू राहतात.

धबधब्याचा बेत गेला आणि नाकामा नदीतली कांदळवनाची फेरी पदरात पडली. हे जपानमधलं सर्वांत मोठं कांदळवन. खाडीकाठी वाढलेल्या माणसाला त्याचं काय कौतुक, असं म्हणतच मी होडीत बसलो होतो. ओहोटी होती, मुळं उघडी पडलेली, आणि चिखलाचा अगदी तोच वास! बराच वेळ मी गप्प होतो. बायकोने विचारलं, "पोचलास का दाभोळला?"

तेव्हा इरिओमोतेचा दिवस आधीपासून पक्का करू नका. सकाळी उठून बोट सुटणार आहे का ते पाहा आणि मग ठरवा. वारा असेल तर दहा-पंधरा मिनिटांवरचं ताकेतोमी गाठा. प्रवाळी दगडांची कुंपणं, लाल कौलं, पांढऱ्या वाळूचे झाडलेले रस्ते. सायकलवर अर्ध्या दिवसात बेट संपतं. तिथे रेडागाडीत बसायला लोक रांग लावतात. हाकणारा मधेच सानशिन नावाचं तीन तारांचं वाद्य काढून गातो, रेडा मात्र वळणं स्वतःच घेतो. १९३०च्या दशकात तैवानहून आलेल्या शेतकऱ्यांनी हे रेडे आणि अननस इशिगाकीत आणले. तैवानची राजधानी तैपेई तिथून ओकिनावाची राजधानी नाहापेक्षा जवळ आहे, हे नकाशा पाहिल्याशिवाय मलाही पटलं नव्हतं.

पोहण्याची हळहळ फार नको. ज्या काबिरा उपसागराचे फोटो तुम्ही पाहिले असतील, तिथे प्रवाहामुळे भर उन्हाळ्यातही पोहायला बंदी असते. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहायचं, बस.

आणखी एक फायदा कोणी सांगत नाही. त्या दिवसांत तोक्योत पावणेपाचला सूर्य बुडतो, इशिगाकीत सव्वासहाला. एवढा दीड तास जास्त मिळाला की सुट्टी लांबल्यासारखी वाटते. (सकाळी मात्र सूर्य उगवायला साडेसात होतात.) बसने बेटाला फेरी मारली तर ऊसतोड चालू दिसेल.

खाण्याचं सांगतो. याएयामा सोबा (इथल्या रस्सेदार शेवया) मागवलात तर टेबलावर पिपाची नावाच्या पुडीची छोटी बाटली असेल, ती भुरभुरा. मी वास घेतला आणि आजीचा काढा आठवला. ही आपल्या पिंपळीची बहीण. तिचं जपानी नाव हिहात्सुसुद्धा 'पिप्पली'वरूनच आलंय. शाकाहारी असाल तर मात्र सांभाळा, सोब्याचा रस्सा डुकराचा असतो. बायकोने जिमामी तोफूवर दिवस काढले. ते सोयाबीनचं नाही, शेंगदाण्याचं, आणि जिमामी म्हणजे शब्दशः 'जमिनीतली शेंग', आपला भुईमूगच की! वरच्या गोड सॉसमध्ये दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असू शकतं, ते तेवढं विचारून घ्या.

जोडसुट्टीत विमानाचं भाडं काही उतरत नाही, हॉटेलं तेवढी स्वस्त मिळाली. महिनाअखेरीचा साधा शनिवार-रविवार आणि एक रजा जमत असेल तर तो हिशोब करून पाहा. तोक्योच्या हानेदा विमानतळावरून थेट विमान घ्या. पश्चिमेच्या वाऱ्यामुळे जाताना साडेतीन तासांहून जास्त लागतात, येताना तीनच्या आत.

छत्री नेऊ नका, टोपीवालं विंडचीटर न्या. आणि बोट लागण्याची गोळी आठवणीने घ्या. आमची छत्री पहिल्याच संध्याकाळी उलटी झाली, बायकोला दुसऱ्या सकाळी ओहाराच्या बोटीत.