पोरीच्या नावावर काहीच नाही, मग चोरणार काय?

"तिचं ना बँकेत खातं, ना पॅनकार्ड. तिच्या नावाचं कोणी काय करणार, मॅडम?" हा प्रश्न पालक वरचेवर विचारतात. नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका आईनेही विचारला, पण नंतर. ती माझ्याकडे आली होती लेकीच्या पोटदुखीसाठी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

लेक आठवीत. शाळेची वेळ झाली की पोट दुखायचं; सोनोग्राफी नॉर्मल. आईला बाहेर बसवलं, तेव्हा कुठे तिने मैत्रिणीने पाठवलेला स्क्रीनशॉट दाखवला. इन्स्टावर तिच्याच नावाचं, तिच्याच फोटोचं खातं, जे तिने उघडलंच नव्हतं. त्यावरून वर्गातल्या मुलींना मेसेज गेलेले: 'आई मेडिकलला ॲडमिट आहे, ५०० रुपये पाठव ना. घरी सांगू नको.' एकीने पाठवलेही. आता वर्गात हिला 'चोट्टी' म्हणत होते.

"मला काहून नाही सांगितलं?" आईचा पहिला प्रश्न. "तू मोबाइल काढून घेतला असता." पोरीचं उत्तर चुकीचं नव्हतं.

माहिती गेली होती घरातूनच. वाढदिवसाचे फोटो सगळ्यांना दिसतील असे टाकलेले, त्यातच शाळेचं ओळखपत्र: नाव, वर्ग, जन्मतारीख, वडिलांचा नंबर. चोराला आणखी काय लागतं?

अमेरिकेत मुलांच्या सोशल सिक्युरिटी नंबरावर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) कर्जं काढली जातात आणि मूल मोठं होऊन स्वतः कर्ज मागायला गेलं की बिंग फुटतं. आपल्याकडे १८ वर्षांखालच्या मुलाशी केलेला कर्जाचा करार कायद्यात टिकत नाही, म्हणून चोरी वेगळ्या वाटेने होते: खोटं प्रोफाइल, किंवा 'तुझं बँक खातं दोन दिवस वापरू दे' म्हणणारा ओळखीचा दादा. त्या खात्यात फसवणुकीचे पैसे फिरतात आणि पोलिसांचा फोन मुलाच्या घरी येतो.

आईला आधी खोट्या खात्याची लिंक आणि मेसेज जपून ठेवायला सांगितलं. खातं बंद झाल्यावर पुरावा मिळवणं अवघड होतं. मग ॲपवर तक्रार, आणि पैसे गेले असल्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी (66C) नुसार गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. डान्स क्लासला आधारची झेरॉक्सही दिलेली होती. यापुढे पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार द्या, म्हटलं.

आई त्या मुलीचे ५०० रुपये गुपचूप देऊन मोकळी होणार होती. मी अडवलं. पैसे दिले की वर्गाच्या लेखी पोरीनेच घेतले होते असं ठरणार. त्याऐवजी तक्रारीची प्रत घेऊन ती वर्गशिक्षिकेला भेटली. बाईंनी पोरीला समोर उभं न करता सगळ्या वर्गाला सांगितलं की ते खातं खोटं होतं. 'चोट्टी' लगेच नाही थांबलं. पोटदुखी मात्र त्या आठवड्यात कमी झाली.