पेशींना रविवार नसतो

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या जैवतंत्रज्ञान कंपन्या आणि पेशीविज्ञान यांच्याविषयी वाचकांकडून आलेली चार पत्रे या वेळच्या सदरात घेतली आहेत. उत्तरे देणारे लेखक याच पट्ट्यातल्या एका कंपनीच्या पेशीसंवर्धन विभागातून निवृत्त झाले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करून दीड वर्षापूर्वी रबाळ्याला एमआयडीसीत नोकरीला लागली. महिन्यातले दोन रविवार ती कामावर जाते आणि विचारले तर ‘पेशींना खायला घालायचे आहे’ म्हणते. बांगड्या, टिकली, काजळ यांपैकी काहीच तिला कामावर चालत नाही. लग्नाची बोलणी सुरू आहेत आणि पाहुण्यांना काय सांगावे ते मला कळत नाही. – एक आई, ऐरोली

उत्तर : मुलगी सांगते ते अक्षरशः खरे आहे. तुम्ही रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालता आणि सकाळपर्यंत पातेलेभर दही लागते, तसाच काहीसा प्रकार तिच्या कंपनीत चालतो. मात्र तिथले विरजण फार सावकाश लागणारे आणि फार नाजूक असते. द्रव नायट्रोजनच्या टाकीत, उणे दीडशे अंशांच्याही खाली ठेवलेली एक मिलिलिटरची कुपी बाहेर काढून ३७ अंशांच्या पाण्यात धरतात आणि बर्फाचा शेवटचा बारीक खडा उरला असतानाच उचलतात, कारण गोठवताना पेशींना वाचवणारे डीएमएसओ हे रसायन त्या जाग्या झाल्यावर त्यांनाच बाधते. मग लहान फ्लास्क, मोठा फ्लास्क, छोटा बायोरिॲक्टर असे करत दोन-तीन आठवड्यांनी त्या कुपीतल्या पेशींची संतती हजार-दोन हजार लिटरच्या टाकीत पोहोचते. कर्करोग आणि संधिवात यांवरची बरीचशी प्रतिपिंडे, म्हणजे नेमक्या लक्ष्याला चिकटणारी औषधी प्रथिने, आज ज्या पेशींकडून बनवून घेतली जातात, त्या चायनीज हॅमस्टर या उंदराच्या जातीतल्या प्राण्याच्या अंडाशयातून १९५७ साली काढलेल्या पेशींच्या वंशज आहेत. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आम्ही विभागात त्यांना नुसते ‘चो’ म्हणत असू. त्या साधारणपणे दिवसाकाठी एकदा दुप्पट होतात. मोठ्या टाकीतले उत्पादन सुमारे दोन आठवडे चालते आणि तेवढ्या काळात ग्लुकोज किती उरले, जिवंत पेशी किती, हे रोज नमुना काढून पाहावे लागते व त्यानुसार खाद्य सोडावे लागते. शुक्रवारी संध्याकाळी पोटभर खायला घालून सोमवारपर्यंत त्यांना विसरून जाण्याची सोय नाही, कारण खाद्य जास्त झाले तर त्यातून तयार होणारे लॅक्टिक आम्ल त्यांना मारते आणि कमी पडले तर भूक मारते.

आता टिकली-बांगड्यांविषयी. अर्ध्या तासात दुप्पट होणारा एक जिवाणू फ्लास्कमध्ये पडला, तर बारा तासांत त्याचे दीड कोटींहून अधिक जिवाणू होतात आणि तोवर आपली पेशी एकदाही विभागलेली नसते. एवढ्या विषम शर्यतीत पेशींना जिंकवायचे तर प्रतिस्पर्ध्याला आतच येऊ न देणे हा एकमेव उपाय उरतो. स्वच्छ कक्षातली सर्वांत मोठी घाण म्हणजे आपण माणसे. कातडीचे कण, केस, पावडर, थुंकीचे तुषार हे सगळे आपण बरोबर घेऊन फिरतो. म्हणून तुमची मुलगी एका खोलीत घरचे कपडे उतरवते, हात कोपरापर्यंत धुते, पुढच्या खोलीत निर्जंतुक केलेला अखंड पोशाख त्याची बाही जमिनीला लागू न देता चढवते, त्यावर टोपी, मुखपट्टी, चष्मा आणि हातमोज्यांचे दोन जोड घालते. हा पोशाख चढवता येतो की नाही याची परीक्षा होते. हातमोज्यांची बोटे जिवाणूंच्या खाद्याच्या बशीवर टेकवून घेतात आणि काही दिवसांनी त्या बशीवर एक ठिपका जरी उगवला, तरी परीक्षा पुन्हा द्यावी लागते. मी पहिल्या खेपेला नापास झालो होतो.

आत गेल्यावर ती बोलतही नसेल. त्यामागेही कारण आहे. माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी आमच्या विभागातल्या पेशी अकारण सुस्तावल्या. द्राव गढूळ नव्हता, सूक्ष्मदर्शकाखाली परके काही दिसत नव्हते, फक्त दुप्पट व्हायला जिथे एक दिवस लागे तिथे दीड दिवस लागू लागला होता. आम्ही पेशींच्या खाद्यात घालायच्या सीरमची बाटली बदलली, इनक्युबेटरला दोष दिला, एका नव्या मुलाला तर विनाकारण बोल लावला. शेवटी नमुना मायकोप्लाझ्माच्या चाचणीला पाठवला. ती जुन्या पद्धतीची चाचणी अठ्ठावीस दिवसांची असते. मायकोप्लाझ्मा हा पेशीभित्ती नसलेला जिवाणू इतका लहान आणि लवचीक असतो, की निर्जंतुकीकरणाच्या नेहमीच्या ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो निसटू शकतो. अहवाल आला तेव्हा सगळे फ्लास्क ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालून फेकावे लागले आणि चार महिन्यांचे काम त्यांच्याबरोबर गेले. सापडलेली जात माणसाच्या तोंडात आणि घशात राहणारी होती. म्हणजे आमच्यापैकीच कोणीतरी उघड्या फ्लास्कसमोर गप्पा मारल्या होत्या. आज पीसीआरने हेच उत्तर काही तासांत मिळते.

पाहुण्यांना सांगा, की मुलगी औषध बनवते आणि आपल्या प्रत्येक कृतीखाली वेळ घालून सही करते. चुकलेला आकडा तिला पांढऱ्या शाईने झाकता येत नाही. त्यावर एक रेघ मारून शेजारी खरा आकडा, कारण, सही आणि तारीख लिहावी लागते. असा हिशेब ठेवणारी सून कोणाला नको असेल, तर तो त्यांचा प्रश्न.

प्रश्न : माझ्या भाच्याला रक्ताचा कर्करोग असून केमोथेरपीनंतर तो आजार पुन्हा उलटला. डॉक्टरांनी कार-टी उपचाराचा पर्याय सुचवला आहे. स्वतःच्याच पेशी परत द्यायच्या, तर काही आठवडे आणि लाखो रुपये कशासाठी लागतात? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : हा उपचार देशात उभा करण्याच्या कामाचा मोठा भाग तुमच्यापासून फार लांब झालेला नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून, त्यातल्या वैद्यकीय चाचण्यांत टाटा केंद्राच्याच खारघरमधल्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेचा वाटा असलेला, नेक्सकार-१९ हा पहिला भारतीय कार-टी उपचार तयार झाला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते पवईला तो रुग्णांसाठी खुला झाला.

भाच्याच्या रक्तातून यंत्राने पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात आणि बाकीचे रक्त त्याला परत देतात. त्यांतल्या टी-पेशी हे शरीराचे शिपाई. परंतु कर्करोगाची पेशी आपल्याच घरची असल्यामुळे ते तिला ओळखत नाहीत. निरुपद्रवी केलेल्या एका विषाणूच्या मार्फत त्यांच्यात नवे जनुक घालतात, त्यामुळे त्यांच्या पृष्ठभागावर सीडी-१९ हे प्रथिन पकडणारा आकडा उगवतो. बी-पेशी या प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी; त्यांच्यापासून झालेल्या ल्युकेमियात (रक्ताच्या कर्करोगात) आणि लिम्फोमात (लसिकाग्रंथींच्या कर्करोगात) रोगी पेशींवर हे प्रथिन असते. ते निरोगी बी-पेशींवरही असते, म्हणून त्याही मारल्या जातात आणि पुढे संसर्ग सांभाळावे लागतात. बदललेल्या पेशींची संख्या पुरेशी होईपर्यंत वाढवायची, त्या निर्जंतुक आहेत, जिवंत आहेत, जनुक ठरल्याइतकेच शिरले आहे, हे तपासायचे, मग गोठवायच्या. यांतली एकही पायरी घाई करून लवकर होत नाही. वरच्या पत्रातल्या ‘चो’ पेशी एकसारख्या आणि सरावलेल्या असतात; इथे मात्र कच्चा माल म्हणजे आधीच केमोथेरपीने थकलेल्या एका माणसाचे रक्त असते, आणि कधीकधी त्या पेशी वाढतच नाहीत.

खर्चाचे कारणही हेच आहे. प्रतिपिंडाच्या एका मोठ्या टाकीतून असंख्य रुग्णांपुरते औषध निघते, इथे मात्र सगळा स्वच्छ कक्ष, सगळ्या चाचण्या आणि सगळी नोंदवही एकाच पिशवीसाठी राबते, कारण ती पिशवी दुसऱ्या कोणालाही देता येत नाही. अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळालेल्या पहिल्या कार-टी उपचाराची किंमत ४,७५,००० डॉलर ठेवली गेली होती. आपल्याकडची किंमत तिच्या सुमारे एक दशांश असली, तरी मध्यमवर्गीय कुटुंबाचे कंबरडे मोडण्याइतकी ती आहेच. भारतीय चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांमध्ये उपचाराला प्रतिसाद दिसला. प्रतिसाद म्हणजे कायमचे बरे होणे नव्हे, हे लक्षात ठेवून डॉक्टरांना दोन गोष्टी नेमक्या विचारा : पेशी तयार होईपर्यंतच्या मधल्या काळात आजार आवरण्यासाठी काय करणार, आणि पेशी दिल्यानंतर येणारा तीव्र ताप व रक्तदाब उतरणे यांसाठी अतिदक्षता विभागाची तयारी काय आहे. पैशांच्या मदतीची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आजच करा, पेशी काढून झाल्यावर नव्हे.

प्रश्न : गुडघेदुखीसाठी ‘मूलपेशींचे इंजेक्शन, एका दिवसात घरी’ अशी जाहिरात पाहिली. आमच्या नात्यातल्या एका स्वमग्न मुलासाठीही असाच उपचार सुचवला गेला आहे. पैसे भरावेत का? – एक ज्येष्ठ नागरिक, कोपरखैरणे

उत्तर : भरू नयेत. रक्ताच्या काही आजारांत अस्थिमज्जेतल्या मूलपेशींचे रोपण हा सिद्ध झालेला उपचार आहे. त्यापलीकडचा मूलपेशींचा वापर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार केवळ संशोधन आहे. ते मंजूर आणि नोंदणीकृत चाचणीतच करता येते, त्याची जाहिरात करता येत नाही आणि त्यात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. ज्याची पावती फाडली जाते ती चाचणी नव्हे. स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये, असे राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नीती मंडळानेही २०२२ मध्ये सांगितले आहे. राहिली ‘एका दिवसाची’ गोष्ट. सकाळी चरबी काढून दुपारी टोचलेल्या त्या मिश्रणात मूलपेशी किती आणि त्या निर्जंतुक होत्या का, हे दुपारपर्यंत पुरते कळणे शक्यच नसते. निर्जंतुकतेच्या नेहमीच्या चाचणीलाच चौदा दिवस लागतात.

प्रश्न : मी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे. पेशीविज्ञानातले नवे काय वाचावे आणि पीएच.डी. नसताना कंपनीत घेतात का? – एक विद्यार्थी, कळवा

उत्तर : घेतात. उत्पादन आणि गुणवत्ता नियंत्रण या विभागांत पदवीधर आणि एम.एस्सी. झालेलीच मुले बहुसंख्य असतात. वाचण्यासाठी २०२५ च्या वैद्यक नोबेलपासून सुरुवात करा. शिमोन साकागुची यांनी १९९५ साली टी-पेशींचा असा एक गट दाखवला, जो हल्ला करत नाही, तर हल्ला करणाऱ्यांना आवरतो. मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २००१ साली सापडलेले जनुक याच गटाची सूत्रे हलवते, हे पुढे स्पष्ट झाले. कार-टीत आपण शिपायाला चिथावतो, या कामातून त्याला शांत कसे करावे हे शिकायला मिळते आणि आपलेच शरीर आपल्यावर उलटते अशा आजारांत त्याचा उपयोग होईल म्हणून आज त्यावर प्रयोग चालू आहेत. त्याच वर्षी फिलाडेल्फियात यकृतातले एक विकर जन्मतः सदोष असलेल्या तान्ह्या मुलासाठी, फक्त त्याच्या जनुकातली चूक दुरुस्त करणारे औषध सहा महिन्यांत बनवले गेले; एकाच रुग्णासाठीची बॅच किती पुढे गेली आहे ते त्यातून कळेल. मूलपेशींपासून बशीत वाढवलेली आतड्याची छोटी प्रतिकृती २००९ ची आहे आणि नव्या औषधांच्या चाचणीत प्राण्यांऐवजी अशा प्रतिकृती वापरण्याची वाट आपल्याकडे २०२३ च्या नियमदुरुस्तीने मोकळी झाली.

मुलाखतीत मात्र नोबेलविषयी कोणी विचारणार नाही. पेशी ज्यात वाढवतात ते गुलाबी माध्यम पिवळे का पडते, हे विचारतील. आम्ल वाढले की त्यातला फिनॉल रेड रंग बदलतो, एवढे सांगून थांबू नका, आम्ल पेशींच्या गर्दीमुळे वाढले की जिवाणूंमुळे हे कसे ओळखाल तेही सांगा. आणि शनिवारी दुपारी पिवळा पडू लागलेला फ्लास्क दिसला तर काय कराल, असे विचारले, तर सोमवारी पाहीन असे म्हणू नका.