उथळ पाण्यात वारंवार खाली-वर करणे कितपत सुरक्षित?

तुमची अडचण मी अशी समजलो आहे: गोव्यातल्या ग्रँड आयलंडजवळ स्कूबा डायव्हिंगसाठी आठ-दहा मीटर खोलीवर पर्यटकांना नेताना कोणी घाबरले की त्याला घेऊन वर यावे लागते, लगेच दुसऱ्यासाठी पुन्हा खाली जावे लागते, आणि हे सकाळभर चालते. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ यांवरून धोका मोजणारे यंत्र) इशारा देत नाही आणि होडीवरचे जुने लोक ‘दहा मीटरांत काही होत नाही’ असे सांगतात. दाबाखाली श्वासातल्या हवेतला किती नायट्रोजन अंगात विरघळतो एवढ्यापुरते त्यांचे म्हणणे बहुतांशी बरोबर आहे. पण वर येण्याचा धोका त्यात मोजलेलाच नाही. पर्यटक एकदाच खाली-वर करतो, तुम्ही मात्र त्या प्रत्येकाच्या वाटचे खाली-वर करता.

पाडी (PADI) या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात दहा मीटर खोलीवर राहण्यासाठी २१९ मिनिटांची मर्यादा आहे, आणि हा निर्धास्तपणा तिथूनच येतो. मात्र ती मर्यादा एकदा खाली जाऊन, सलग राहून, सावकाश एकदाच वर येणाऱ्यासाठी आहे.

दाबाचा हिशेब याच्या उलट आहे. तीस मीटरवरून वीसवर येताना दाब चारास तीन या प्रमाणात घटतो, तर दहा मीटरवरून पृष्ठभागावर येताना तो थेट निम्मा होतो. म्हणजे हवा सर्वांत जास्त फुगते ती शेवटच्या काही मीटरांत, जिथे तुमचे सगळे काम चालते. पूर्ण भरलेल्या छातीने श्वास रोखून जेमतेम सव्वा-दीड मीटर वर आल्यानेही फुप्फुस फाटून हवा रक्तात शिरू शकते आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकते. घाबरलेला माणूस तुम्हाला घट्ट धरून वर ओढत असताना त्याचा रेग्युलेटर (तोंडात धरायचे श्वासाचे उपकरण) सांभाळण्याच्या धडपडीत तुमचाच श्वास रोखला जाणे अगदी शक्य असते. कानांचेही तेच: प्रत्येक फेरीत दाब नव्याने जुळवावा लागतो, आणि सर्दीची गोळी घेऊन उतरलात व तिचा परिणाम खालीच ओसरला, तर वर येताना कानातली हवा अडकते. या धंद्यातल्या मुलांना सर्वांत आधी कानच त्रास देतात.

आता बुडबुड्यांविषयी. वर आल्यावर शिरांमधल्या रक्तात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. ते फुप्फुसांत गाळले जातात, म्हणून सहसा त्रास होत नाही. त्यांचे प्रमाण पाण्याबाहेर आल्यावर अर्ध्या-एक तासाने सर्वाधिक असू शकते. नेमके त्याच वेळी तुम्ही पुन्हा खाली गेलात, तर ते दाबाने आक्रसून फुप्फुसांच्या गाळणीतून निसटू शकतात आणि धमन्यांत जाऊन पुढच्या चढणीला फुगू शकतात. शिवाय सुमारे चारांपैकी एका माणसाच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांमध्ये जन्मजात छोटी वाट उघडी राहिलेली असते, तिच्यातून बुडबुडे फुप्फुसांची गाळणी टाळून थेट धमन्यांत जाऊ शकतात, आणि बहुतेकांना ते ठाऊकही नसते. बरेचसे कॉम्प्युटर प्रामुख्याने विरघळलेल्या वायूचे गणित करतात. तुमच्या रक्तात प्रत्यक्ष किती बुडबुडे आहेत हे कोणताच कॉम्प्युटर पाहत नाही. म्हणून त्याच्या गप्प राहण्याला परवानगी समजू नये.

उपाय कामाच्या मांडणीत आहे. पर्यटकाचा मास्क, श्वास आणि कान यांची तयारी दोरीला धरून एक-दोन मीटरवरच पुरती करून घ्या. जो तिथे स्थिरावत नाही त्याला खाली नेऊच नका. वर आलेल्याचे डायव्हिंग त्या दिवसापुरते संपले असे होडीवर आधीच ठरवून ठेवा, आणि त्याला ताब्यात घेणारा माणूस वरच असू द्या. फेऱ्या सहकाऱ्यांत वाटून घ्या, मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नका आणि जमेल तेव्हा पाच मीटरवर तीन मिनिटे थांबा. मालकाला हे परवडत नसेल, तर पर्यटकांची संख्या कमी करायला सांगा; तसे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. दिवसाच्या शेवटी अडकलेला नांगर सोडवायला मारलेली एकच झटपट बुडी मला विशेष धोकादायक वाटते, कारण तोवर शरीर थकलेले असते आणि त्यानंतर लगेच जड ओढाताण होते. नांगर अडकलाच, तर त्या दिवशी सर्वांत कमी डाइव्ह केलेल्या माणसाने उतरावे.

सुट्टीत गावी जाणार असाल, तर अनेक डाइव्हनंतर विमानापूर्वी किमान अठरा तास जाऊ द्या; चोर्ला किंवा आंबोली घाटातून जातानाही उंची वाढतेच, त्यामुळे पाण्यातून निघून थेट घाट चढू नका. अंगाला मुंग्या येणे, सांधेदुखी, चक्कर, अशक्तपणा किंवा विलक्षण थकवा जाणवला तर पुन्हा पाण्यात उतरू नका, आडवे व्हा, होडीवरचा शुद्ध ऑक्सिजन लावा आणि १०८ ला फोन करून डाइव्हिंगनंतरचा त्रास आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.