झुंजार खेळाडू, पण किती पुढे जाईल?

प्रश्न : आम्ही ओंटारियोत राहतो. मुलामुळे मलाही आइस हॉकीची गोडी लागली आहे. आमच्या ज्युनिअर संघातला अठरा वर्षांचा एक फॉरवर्ड कोणालाही न बिचकता अंगावर जातो. यंदा एनएचएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, तिसऱ्या फेरीत त्याची निवड झाली. मुलाच्या मते हा मोठा खेळाडू होणार. अशा खेळाडूचा पुढचा पल्ला कशावरून ओळखावा?
(एक वाचक, कॅनडा)

उत्तर : चिवटपणामुळे संघात शिरकाव होतो, परंतु खेळाडू कितव्या लाइनमध्ये (आळीपाळीने खेळणाऱ्या फॉरवर्डच्या चार गटांपैकी कोणत्या; पहिली लाइन सर्वांत वरची) खेळेल, हे पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, मिळवल्यानंतर तो काय करतो यावर ठरते. म्हणून पुढच्या सामन्यात पक कोपऱ्यात गेला, की धडकेनंतरचे दोन-तीन सेकंद नीट पाहा. बचावपटूला बोर्डवर (मैदानाभोवतीच्या कठड्यावर) दाबल्यावर पक त्याच्याच स्टिकवर येतो का? आला, तर मान वर करून तो गोलसमोरच्या मोकळ्या सहकाऱ्याला पास देतो, की घाईघाईने पक पुन्हा बोर्डलगत ढकलून देतो? दुसरी सवय सुटली नाही, तर अशा मुलाची मजल बहुधा चौथ्या लाइनपर्यंतच जाते. धडकांच्या आकड्यांवर माझा फारसा भरवसा नाही, कारण ज्याच्याकडे पक आहे त्यालाच धडक द्यायची असते. साहजिकच सतत धडका देणाऱ्याच्या संघाकडे पक कमी वेळ असण्याची शक्यता असते.

ब्रॅड मार्शँडचे उदाहरण तुमच्या मुलाच्या बाजूचे आहे. पाच फूट नऊ इंच उंचीच्या या खेळाडूला बॉस्टनने २००६ मध्ये तिसऱ्याच फेरीत, ७१ व्या क्रमांकावर निवडले. २००९-१० च्या हंगामातल्या २० सामन्यांत त्याला एकही गोल करता आला नाही. पुढचा हंगाम त्याने चौथ्या लाइनमध्ये सुरू केला, पण लवकरच तो संघातल्या आघाडीच्या पॅट्रिस बर्जेरॉनच्या जोडीला आला आणि स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकून देणाऱ्या त्या प्लेऑफमध्ये त्याने ११ गोल केले. प्रतिस्पर्ध्याला चिडवण्यात तो पटाईत होताच, परंतु २०१८-१९ मधले १०० गुण (स्वतःचे गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) त्याला हातातल्या कौशल्याने मिळवून दिले.

याउलट न्यूयॉर्क रेंजर्सने २०१० मध्ये डिलन मॅकिलराथ या धिप्पाड, मारामारीला न डरणाऱ्या बचावपटूला दहाव्या क्रमांकावर घेतले. त्याच्या कारकिर्दीचा मोठा भाग एनएचएलच्या खालच्या पातळीवरील अमेरिकन हॉकी लीगमध्ये गेला. त्याच ड्राफ्टमध्ये सोळाव्या क्रमांकावर निवडला गेलेला व्लादिमिर तारासेंको मात्र पुढे एका हंगामात ४० गोल करून गेला. नुसत्या ताकदीला फार वरचा क्रमांक देणे मला तेव्हाही पटले नसते.

वयाचा हिशेबही करा. ओंटारियोच्या ज्युनिअर लीगमध्ये सोळा ते वीस वर्षांची मुले एकत्र खेळतात. ज्याचे शरीर लवकर भरले, तो तिथे सहज वरचढ ठरतो, पण व्यावसायिक संघांत प्रत्येकाचेच शरीर भरलेले असते. पॉवर प्लेवरचे (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू पेनल्टीमुळे बाहेर असतानाचे) गुण वगळून समान संख्येच्या खेळात तो किती गोलांत सहभागी होतो ते तपासा. निष्कारण पेनल्टी घेण्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याला पेनल्टी घ्यायला लावतो का, तेही पाहा.

तुमच्या पत्रात त्याच्या स्केटिंगचा उल्लेख नाही आणि माझे उत्तर मुख्यतः त्यावरच अवलंबून आहे. थांबलेल्या स्थितीतून पहिल्या तीन पावलांत तो बचावपटूला गाठत असेल, तर त्याला एकविसाव्या-बाविसाव्या वर्षापर्यंत वेळ द्यावा आणि तिसऱ्या लाइनची आशा निश्चित बाळगावी. ती पावले जड असतील, तर मी तुमच्या मुलाच्या मताशी सहमत होणार नाही.