एकाच ओळीत ठळक, तिरपं आणि लाल

प्रश्न : पायथनमध्ये टीकेइंटर (खिडक्या, बटणं बनवायची लायब्ररी) वापरून छोटा शब्दकोश बनवतोय. शब्द ठळक, व्याकरण तिरपं, अर्थ साधा आणि शोधलेली अक्षरं लाल, असं सगळं एकाच ओळीत पाहिजे. पण लेबलला (मजकूर दाखवणाऱ्या चौकटीला) ठळक फॉन्ट दिला की सगळंच ठळक होतं. म्हणून तीन लेबलं शेजारी शेजारी लावली, तर अर्थ लांब असला की तो आपल्याच चौकटीत खाली उतरतो आणि पार विचका होतो. काय करू?

उत्तर : तीन लेबलांचा उद्योग आम्हीपण करून बसलोय, सोडून द्या. टीकेइंटरच्या लेबलला एक फॉन्ट नि एक रंग, त्यापलीकडे त्याची उडी नाही. तुम्हाला हवंय ते टेक्स्ट विजेट (विजेट म्हणजे खिडकीतला एक घटक). नावावरून वाटतं ते टाइप करायलाच असतं, पण नुसतं दाखवायलाही चालतं. आधी टॅग बनवायचे, म्हणजे 'ठळक' या नावाला ठळक फॉन्ट, 'शोध' या नावाला लाल रंग, आणि मग मजकूर इन्सर्ट करताना शेवटी टॅगचं नाव द्यायचं, झालं काम. बॉर्डर शून्य, फोकसची कड शून्य, बॅकग्राउंड खिडकीचाच, रॅप म्हणजे ओळ मोडणं शब्दावर, की बघणाऱ्याला ते लेबलच वाटतं. उंची मात्र आठवणीने द्या, नाहीतर हे महाशय न विचारता 24 ओळींची जागा अडवून बसतात.

युजरने काही खोडू नये म्हणून तुम्ही विजेटची स्टेट डिसेबल्ड, म्हणजे बंद, करालच, आणि तिथेच फसाल, कारण मग तुमच्या कोडमधलं इन्सर्टपण चालत नाही, एररसुद्धा येत नाही, नुसती रिकामी चौकट बघत बसायचं. आधी नॉर्मल करा, भरा, परत डिसेबल्ड करा.

ठळक आणि लाल एकत्र छान नांदतात. ठळक आणि तिरपं नाही, कारण दोघंही फॉन्टच बदलतात आणि नंतर बनवलेला टॅग जिंकतो. दोन्ही हवं तर ठळक-तिरपा असा तिसरा टॅग करा.

आता शोधाचं. 'नमस्ते' कॉम्प्युटरच्या हिशोबात 6 अक्षरं: न, म, स, हलन्त, त आणि मात्रा. कोणी 'नमस' शोधलं आणि तुम्ही पहिली तीन लाल केलीत, तर टॅग स आणि हलन्तच्या मधेच संपतो, मग जोडाक्षर फुटू शकतं, कधी हलन्ताखाली ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. म्हणून टॅग जिथे संपतो त्याच्या पुढे मात्रा, अनुस्वार किंवा हलन्त असेल तर तोही आत घ्या, आणि हलन्त असेल तर त्यापुढचं व्यंजन आणि त्याची मात्रापण. थोडं कोड वाढेल, पण इंग्रजीपुरत्या लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये हे कोणी करत नाही आणि मग आपलं मराठी मोडकं दिसतं.

प्रश्न : क्यूटी (खिडक्या बनवायची दुसरी लायब्ररी) च्या लेबलमध्ये युजरने लिहिलेली टीप दाखवतो. एकाने टोकदार कंसातला बी (<b>, एचटीएमएलमधली ठळकची खूण) टाकला आणि टीप ठळक झाली, कंस गायब!

उत्तर : ते लेबल मजकूर बघून स्वतःच ठरवतं की हा एचटीएमएल आहे का साधा. सगळं साधंच दाखवायचं असेल तर सेटटेक्स्टफॉरमॅटमध्ये प्लेनटेक्स्ट द्या. तुमचं शीर्षक ठळक आणि खाली टीप असं हवं असेल तर एचटीएमएल राहू द्या, पण युजरचा भाग आधी एस्केप करून, म्हणजे खास चिन्हांच्या जागी त्यांचे एचटीएमएल कोड टाकून, मगच जोडा. नुसता टोकदार कंस बदलून भागत नाही, अँपरसँड (&) पण बदला, आणि तो आधी.